वाकड्या करंगळीची छाप

वहिनी गेल्याचा निरोप अकोल्याला आला तेव्हा मी कचेरीला निघालो होतो. अमरावतीहून आलेला आमचा गाडीवान दारातच म्हणाला, “मालक, वैनीबाई गेल्या हो... तापानं.” त्याच्या गाडीवर कापसाच्या गासड्या होत्या आणि प्रत्येकीच्या तरटावर वहिनींचा गेरूचा पंजा उमटलेला होता. त्याच्याशी धड बोलायचं सोडून मी त्या हातांकडेच बघत राहिलो.

घराबाहेर जाणाऱ्या मालावर सुवासिनीचा हात उमटवायचा, ही आमच्याकडची रीत. वहिनी ती शुभ म्हणून पाळत. त्या हाताचीच पुढे आमच्या मालाची छाप, म्हणजे मार्का, होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्या आपल्या कापसासाठी हपापल्या आणि तिकडचे व्यापारी मुंबईच्या दलालाकडे ‘हातवाला माल’ मागू लागले. वहिनींना याचं भारी कुतूहल. मी अमरावतीला गेलो की चुलीपुढूनच विचारत, “भाऊजी, गासडी फोडणारा माणूस माह्या हाताले पाहून काय म्हणत असन हो? त्याच्या घरीबी बायको असन ना?” मी म्हणायचो, “तो म्हणत असेल, या बाईच्या हातचा मार फार लागत असणार.” त्या लाटणं उगारत आणि पुन्हा तेच विचारत.

मग कुणीतरी ओल्या, सरकी मिसळलेल्या मालावरही हात उमटवायला लागलं. विलायतेत आमच्या नावाने बोंब झाली, माल पडून राहिला, आणि दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, धंदा गुंडाळायची भाषा सुरू केली. दलालाने उपाय सुचवला : छापेचा नमुना तिकडच्या अडत्याकडे ठेवा, म्हणजे नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता येईल. पण छाप दर वेळी सारखी हवी. तुमच्या गासड्यांवरचे हात तर कुठे फिके, कुठे फरकटलेले, सगळे निरनिराळे, यातला खरा कोणता? दादा लाकडी ठसा कोरून घ्यायला निघाले. वहिनी उसळल्या, “ठसा तं कोणीबी कोरन! माह्यासारखी करंगळी कोण वाकडी करन?” लहानपणी जात्यात सापडून त्यांची करंगळी वाकडी झाली होती. आम्ही तरटाचे तुकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. खोट्या पंजांच्या करंगळ्या सरळसोट होत्या! दादा आधी हसले, मग त्यांचे डोळे भरून आले.

पांढऱ्या कापडावर उमटवलेला तो हात समुद्रापार गेला. बऱ्याच महिन्यांनी कळलं की तिकडचा अडत्या आता आधी करंगळी बघतो, मगच माल घेतो. वहिनी म्हणाल्या, “पाहा! हिच्यापायी लग्न जमत नाही म्हणून माहा बाप रडे. आता विलायतेत तिलेच वळखतात.” गासडी फोडणारा तो माणूस हात पाहून काय म्हणतो, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही... ती रुखरुख आता मला लागली आहे.

तेराव्यानंतर दादांबरोबर वखारीत गेलो. नवी गासडी बांधून तयार होती. दादांनी हात गेरूत बुडवला, दुसऱ्या हाताने आपली करंगळी वाकवून धरली आणि पंजा तरटावर दाबला.

“तू कचेरीतला माणूस,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “सांग, हे नकली झालं काय?”

मी वाकून पाहिलं. हात चांगलाच मोठा उमटला होता. करंगळी मात्र वहिनींचीच होती.