आईला थंडी हवी होती

दिवाळी झाली तरी नागपुरात उकाडा तसाच होता. एरवी या दिवसांत कूलर धुऊन-पुसून, जुनी चादर पांघरून जिन्याखाली जातो. यंदा आईच्या खोलीचा कूलर खिडकी अडवून घरघरतच राहिला.

आषाढात आई पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचं जग म्हणजे ती खोली. तिला घाम येऊ नये म्हणून कूलरमध्ये पाणी भरायचं, हे माझं सकाळचं पहिलं काम. दुसरं काम तिनेच लावलेलं. मोबाइलवरचा आठवड्याचा हवामान अंदाज वाचून दाखवायचा.

"थंडी कवा येऊन राहिली रे बापा?"

सोमवारी मोबाइल म्हणाला, गुरुवारी. गुरुवारी म्हणाला, रविवारी. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! मी चिडायचो, आई मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. मला नवल वाटायला लागलं. ही बाई जन्मभर थंडीच्या नावाने बोटं मोडत आली. डिसेंबरात स्वेटरवर शाल, शालीवर माझा मफलर. तिला थंडी कशाला हवी? बायको म्हणाली, तुरीच्या शेंगा खाव्याशा वाटत असतील. मला वाटलं, वांग्याचं भरीत. आईला विचारलं तर म्हणे, "असंच."

रविवारीही पारा उतरला नाही. दुपारी तिच्याजवळ बसून मी पिच्छाच पुरवला. "खरं सांग, काहून पाहिजे वं आई तुले थंडी?"

"थंडी आली का कूलर निंगते. मंग खिडकी मोकळी होते."

खिडकीसमोर गल्लीपल्याडच्या काकूचं घर. काकू म्हणजे आईची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. दोघी रोज दुपारी आमच्या ओट्यावर बसायच्या. आता आईला उठवत नाही आणि गुडघ्यांमुळे काकूला पायऱ्या उतरवत नाहीत. मोबाइल लावून दिला तर दोघी एकदमच बोलतात, कुणालाच काही कळत नाही.

"मंग सांगाचं नाही का? कवाच काढला असता!"

"हापिसातून आल्याबरोबर तुले हाच तर लागते."

मी तिच्यासाठी पाणी भरत होतो आणि ती माझ्यासाठी घरघर सोसत होती. मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

मी बायकोला हाक मारली. आम्ही दोघांनी बाहेर जाऊन कूलर स्टँडवरून खाली उतरवला. खिडकीतून गल्लीतली गरम हवा सरळ आईच्या तोंडावर गेली. ती कोपरावर जोर देऊन जराशी उठली.

समोरच्या खिडकीत कूलर नव्हताच. तिथे गज धरून काकू बसली होती.

"काढला का एकदाचा!" ती तिथूनच ओरडली. "दिवाईपासून रोज दुपारी बसून राहिली वं मी इथं. तुह्या कूलरलेच सांगून राहिली होती सारं."