फुलरेंज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आणि मी एखादी गोष्ट सांगितली नाही म्हणजे काय, ते वेल्ह्याकडच्या कुणालाही विचारा. माझी तंबाखू हुंगून बिबट्या शिंकत शिंकत भोरच्या एसटी स्टँडपर्यंत गेला, ही गोष्ट मी तीनशे वेळा तरी सांगितली असेल. आमच्या ओढ्यातला खेकडा एसटीचं टायर फोडतो, हीसुद्धा माझीच. पण ही एक – ही घशातच धरून ठेवली. का? खरी आहे म्हणून.

तर – टॉवरसाठी पाहणी करायला माणूस आला होता. जिथं फोन लागत नाही अशा गावांत टॉवर उभारायचा, गरिबाला परवडेल असं इंटरनेट द्यायचं, अशी सरकारची योजना. आमच्याइतकं हक्काचं गाव दुसरं नव्हतं. आमच्याकडं मोबाईल म्हणजे गाणी ऐकायचा डबा. बोलायचं तर वरच्या माळावर चढायचं. रेशनचं अंगठ्याचं मशीनसुद्धा गावात चालत नाही; दुकानदार ते माळावर नेतो आणि म्हातारीकोतारी माणसं तिथं चढून अंगठा देतात, तेव्हा धान्य मिळतं. यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

ग्रामपंचायतीचा शिपाई नामदेव त्या साहेबाला माझ्या पडवीत घेऊन आला. मी जुना उपसरपंच, सगळ्या गावाचा नाना, गावातला जाणता. आणि नेमका त्याच दिवशी माझा मेहुणा आलेला – शिवऱ्याचा, हायवेवरचा माणूस. सकाळपासून मोबाईल वर करून करून हसत होता. "दाजी, तुमच्यात फोन लावायचा तर वानराच्या जल्माला यावं लागंल."

साहेबानं कागद काढला आणि मोठ्यानं वाचलं – नेटवर्कवंचित गावांची पाहणी. वंचित. मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

आणि माझी जीभ सुटली. वंचित कोण? आम्ही? "सायेब, आमच्यात म्हशीच्या शिंगाला रेंज येती. धार काढता काढता दुबईशी बोलतो. फुल रेंज!" साहेबानं खात्रीसाठी स्वतःचा फोन वर धरला, तर कुठल्या वाऱ्यानं कोण जाणे, त्यात दोन काड्या उमटल्या. बिचाऱ्यानं कागदावर 'रेंज आहे'समोर खूण केली. मी खाली सही ठोकली, चांगली लांबलचक. मेहुण्यानं मोबाईल खिशात टाकला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

नामदेव दारात चहा घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

टॉवर पलीकडच्या खोऱ्यात गेला. गावानं अर्ज केला, तर वरून उत्तर आलं – तुमच्याकडं रेंज आहे अशी नोंद आहे, गावातल्याच माणसानं सांगितलंय. नाव दिलेलं नव्हतं. ग्रामसभा पेटली. कोण तो? – हे सगळ्यात आधी कोण ओरडलं असेल? मीच. मग सगळ्यांच्या नजरा नामदेवकडं वळल्या, कारण साहेबाला गावभर फिरवलं होतं त्यानं.

नामदेव माझ्याकडं बघत राहिला. वाट बघत होता – आता नाना उठतील, बोलतील. त्याची नोकरी माझ्याच शब्दावर लागलेली. तो कसा बोलणार? आणि मी उठलो. उठलो आणि म्हणालो, "काय रं फुलरेंज, दुबईला कवा चाललास?"

सभा हसली. राग विरघळला. नाव मात्र चिकटलं. आता पोरंटोरं, एसटीचा कंडक्टर, सगळे त्याला फुलरेंज म्हणतात. पाहुण्यांना त्याचं घर दाखवायचं तरी तेच. थट्टेत म्हणतात, हे खरं. पण गावाचा टॉवर घालवला तो माणूस, असा त्याचा अर्थ, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यांना म्हणजे – त्याच्या आईला सोडून. म्हातारीला कमी ऐकू येतं. गुडघे गेलेत. दर महिन्याला नामदेव तिला पाठीवर घेऊन माळ चढतो, अंगठ्यासाठी. मागं चालणारं कुणीतरी ओरडतंच – फुलरेंज, दम लागला का? आणि मी? मीही त्याच वाटेनं चढतो, मोकळ्या पाठीनं.

गेल्या महिन्यात माळावर मशीन अडलं होतं, सगळे लांब लांब सावली धरून बसलो होतो. म्हातारी माझ्याकडं सरकली. "नाना, तुमास्नी लई म्हाईत असतंय. माज्या नामूला फुलरेंज का म्हनत्यात वो?"

नामदेव पलीकडंच बसला होता. त्याच्याकडं मला बघवलं नाही. सांगायची एवढी सोपी वेळ पुन्हा कधी येणार होती? ऐकायला फक्त ती, आणि ज्याला आधीच माहीत आहे असा तो.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "म्हातारे, त्यानं हितनं हाक मारली तर भोरच्या बाजारात ऐकू जाती. म्हणून."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. लेकाकडं वळून म्हणाली, "खरं का रं?"

नामदेव गवताची काडी मोडत म्हणाला, "नाना सांगत्यात म्हंजी खरंच आसंल." मग उठला, पाठ वाकवली आणि तिला उचलून घेतलं.

तेव्हापासून तीही त्याला फुलरेंज म्हणते. लाडानं.