पाच लिटरची लाल रेघ

वत्सलाताईंना मी अकरा वर्षं एकच गोष्ट शिकवत होतो आणि अकरा वर्षं त्यांनी ती शिकायला साफ नकार दिला. बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. त्या माझ्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. रोज दांडी या जवळच्या मच्छीमार गावाहून यायच्या, काचेची भांडी धुवायच्या आणि मुलांसाठी द्रावणं बनवायच्या.

"दोनच भागाकार आहेत हो!" मी कानीकपाळी ओरडायचो. "हातातल्या वजनाला एका मोलच्या वजनाने भागा, मग मोलॅरिटीने, म्हणजे हव्या त्या तीव्रतेने भागा. आलं उत्तर लिटरमध्ये!"

"माजी रेघ हाय ना, सर."

ती रेघ म्हणजे दहा लिटरच्या कॅनवर पाच लिटरपाशी ओढलेलं लाल नेलपॉलिश. ऑक्झॅलिक ॲसिड त्रेसष्ट ग्रॅम घ्यायचं, रेघेपर्यंत पाणी भरायचं, विषय संपला. उत्तर बरोबर यायचं, याचाच मला जास्त संताप यायचा.

यंदाची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा ही त्यांची शेवटची. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. आमची ॲसिडची बाटली संपत आली होती, म्हणून तारापूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या दिपेश या माजी विद्यार्थ्याने एक नवी बाटली आणून दिली. परीक्षेच्या सकाळी मी मुद्दाम फळ्यावर मांडलं. त्रेसष्ट भागिले एकशे सव्वीस म्हणजे अर्धा मोल. तीव्रता शून्य पूर्णांक एक मोलर हवी, म्हणजे पाच लिटर.

"सर, ही पावडर भुरभुरीत हाय. आपली खड्यांची असते," ताई म्हणाल्या.

"तुम्ही पाणी भरा. गणित मी केलंय."

त्यांनी रेघेपर्यंत भरलं. मी ब्युरेटच्या मापनळीतून त्या ॲसिडात थेंबथेंब कॉस्टिक सोडा सोडून चाचणी केली. वीस मिलीला गुलाबी रंग यायला हवा होता, आला अठ्ठावीसला. पुन्हा केली, पुन्हा अठ्ठावीस. परीक्षक तासाभरात येणार होते आणि तीस मुलं ॲप्रन घालून टेबलांपाशी उभी होती. माझं डोकंच फिरलं.

"कॉस्टिकच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवलंत ना? खाऱ्या हवेत ओल धरली, द्रावण फिकं झालं! शेवटच्या महिन्यातसुद्धा लक्ष नाही! या पोरांचे मार्क गेले तर जबाबदार कोण?"

मुलं खाली बघू लागली. त्यांतली सलोनी ताईंच्याच आळीतली. कपाटातून जुनी बाटली काढून ताईंनी ती नव्या बाटलीशेजारी ठेवली.

"सर, किलोभर ओल्या बोंबलात जास्त बोंबील बसतात का किलोभर सुक्यात?"

"सुक्यात. त्यातलं पाणी गेलेलं असतं. पण इथे बोंबलाचं काय..."

मी तिथेच थांबलो. जुनी बाटली उचलली, लेबल वाचलं. सूत्रापुढे पाण्याचे दोन रेणू लिहिलेले होते. नवी वाचली. पुढे काहीच नव्हतं. अकरा वर्षं लेबलं वाचा म्हणून मुलांच्या डोक्याशी कटकट करणाऱ्या मी लेबल वाचलंच नव्हतं. एकशे सव्वीसमधले छत्तीस हे पाण्याचे. सुक्या ॲसिडच्या एका मोलचं वजन नव्वदच. त्रेसष्ट भागिले नव्वद, भागिले शून्य पूर्णांक एक. सात लिटर!

आम्ही रेघ ओलांडून सातपर्यंत पाणी भरलं, नीट ढवळलं. वीस मिलीला गुलाबी रंग आला. कॉस्टिकला काही झालेलं नव्हतं, झाकण तर त्यांनी कालच घट्ट लावलं होतं.

मी त्यांच्याजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "ताई, माफ करा. चूक माझी होती."

त्या कॅन पुसत होत्या. हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ओरडलात ते सगल्यांना ऐकू गेलं, सर. ह्ये पन ऐकू जाऊ द्या."

लाजेने माझे कान तापले. मी फळ्याकडे गेलो, एकशे सव्वीस पुसून नव्वद लिहिले, आणि मुलांकडे वळून मोठ्याने म्हणालो, "चूक माझी होती. वत्सलाताईंनी पकडली."