नैवेद्याआधीचा घास

साखर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जाड माणूस येतो. मी काडीसारखी, त्यामुळे सणसवाडीतल्या आमच्या चाळीत माझ्या आजारावर कुणाचा विश्वासच बसत नाही. चाळिशी ओलांडल्यावर शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात-बटाटा कमी करायला सांगितला, चालायला सांगितलं. मी सगळं केलं. रोज सकाळी कंपन्यांच्या भिंतीकडेनं, शिफ्टच्या बसचा धूर खात चालले. कुणी सांगितलं म्हणून कारल्याचा रस प्याले, जांभळाच्या बियांची पूड खाल्ली. साखर हटेना आणि वजन उतरतच राहिलं. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी वेगळी तपासणी करून सांगितलं, की हा हळूहळू येणारा प्रकार आहे, तुमचं शरीरच तुमचं इन्सुलिन बनणं बंद पाडतंय, यात तुमची काही चूक नाही. आता सुई घ्यावी लागेल. चूक नाही हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला नुसतं थकल्यासारखं झालं. चूक असती तर सुधारता तरी आली असती.

तेव्हापासून माझा दिवस सुईभोवती फिरतो. जेवायच्या आधी सुई, निजताना सुई. बोटाला टोचायचं, आकडा बघायचा, त्यावर भाकरी एक की दीड ते ठरवायचं. डाळ शिजली का बघावं तसं दिवसभर स्वतःला बघत राहायचं. कंटाळा येतो. पण जेवायच्या आधीची सुई एकदा घेतली की जेवायलाच हवं. नाही जेवलं तर साखर खाली येते, हातपाय गळतात, पुढं शुद्धही जाते.

सणसवाडीत हे जमतं. राहू गावात, सासरी, जमत नाही. आमच्या सासरचे वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे. आता सगळे शेतीत बसलेत, पण गावच्या यात्रेचा क्रम जसाच्या तसा आहे. आधी देवाचा नैवेद्य देवळात जाणार, मग पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या पंगती, मग बायका. नैवेद्य जाईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, चवसुद्धा बघायची नाही. मीठ अंदाजानं घालायला मी तिथंच शिकले.

गेल्या वर्षी मी धाकट्या जावेशी ठरवून ठेवलं होतं. नैवेद्य निघाला की मी सुई घेणार आणि पहिली पंगत बसली की चुलीमागं गुपचूप खाऊन घेणार. दिरानं ताट उचललं, ढोल वाजले, मी आतल्या खोलीत जाऊन सुई घेऊन आले. तोवर ताट परत चुलीपाशी आलेलं. नणंदेच्या नवऱ्याची गाडी कासुर्डीपाशी पंक्चर झाली होती, आणि सासरे म्हणाले, "जावई आल्याबिगर नैवेद्य हलायचा न्हाई."

माझा बिस्किटाचा पुडा आमच्या गाडीच्या डिकीत होता आणि ती गाडी घेऊन माझा नवरा जावयाला आणायला गेलेला. भरल्या अंगणातून जाऊन सासऱ्यांना काय सांगणार? मी भाकऱ्या थापत राहिले. आधी घाम आला. चुलीपुढं घाम सगळ्यांनाच येतो. मग भाकरी हातात गोल होईना, तव्यावर टाकायला गेले तर फाटली. जाऊ काहीतरी विचारत होती आणि तिचा आवाज मला विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. पुढचं तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. माझा हात नैवेद्याच्या ताटात होता. देवासाठी चपाती आणि गूळ कुस्करून मलिद्याचे लाडू केले होते, ते मी मोडून तोंडात कोंबत होते, आणि दारात आत्या, माझ्या सासूबाई, उभ्या होत्या.

त्या ओरडल्या नाहीत. दार लोटलं, पाणी पाजलं, माझ्या हनुवटीवरचा गूळ पदरानं पुसला. उष्टं ताट बाजूला सरकवलं आणि नव्या मलिद्यासाठी कणीक मळायला घेतली. जावेला फक्त म्हणाल्या, "कुणाला बोलू नगंस." मी त्यांना सांगत होते, की हे सुई घेऊन न जेवल्यामुळं झालं. त्या समजूत घालत म्हणाल्या, "आगं, त्यात काय येवढं. पंगती उठूस्तवर समद्याच बायांचं हात आसं कापत्यात. माझंबी कापत्यात की."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मग कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "फुडल्या साली यात्रंदिशी ती सुई घिऊच नगंस. येका दिसानं काय व्हतंय?" माया होती त्यात. म्हणूनच मी जास्त दमले. सुई सोडली तर मी जगणार नाही, हे मायेनं बोलणाऱ्या माणसाला किती वेळा सांगायचं?

तरी सांगितलं. वर्षभर, फोनवर, कधी नीट, कधी चिडून. एकदा म्हणाले, "आत्या, मला येळंला जेवू देणार असाल तर येते, न्हाईतर येत न्हाई." "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यंदा नैवेद्य वेळेत गेला. पहिली पंगत बसताना आत्यांनी मला चुलीपुढून उठवलं, अंगणात नेलं आणि पुरुषांच्या ओळीच्या टोकाला बसवलं. सासऱ्यांनी मान फिरवली. एक पाहुणे आप्पा म्हणाले, "सूनबाई आज पंगतीला व्हय?"

"तिला औषध हाय," आत्या म्हणाल्या आणि स्वतः वाढायला वाकल्या. मला वाटलं होतं, एवढं मिळालं की हलकं वाटेल. सगळे बघत होते. पण सुई घेतलेली होती, म्हणून मी खात होते. डोळ्यांत पाणी आलं ते आमटीच्या तिखटावर ढकललं. दुसरी भाकरी वाढून आत्या पाहुण्यांना म्हणतात तसं मला म्हणाल्या, "सावकाश व्हऊ द्या."

"आन् तुमी कवा जेवणार?" मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "जेवू की, समद्यांचं झाल्यावर," म्हणाल्या आणि टोपली घेऊन पुढच्या ताटाकडं गेल्या.