मुकी पट्टी

नरसिंगची पेटी बहात्तरच्या दुष्काळात बिघडली, असं आमच्याकडे लोक सांगतात. साफ खोटं आहे. दुष्काळात ती जागेवर आली होती. बिघडवली ती मी, दहा वर्षांनी, आणि तीही दुरुस्त करून. इतके दिवस हे कुणापुढे बोललो नाही. आता गुडघे गेलेत, ढोलकी बहुतेक खुंटीलाच असते आणि अब्रू जायची तेवढी जाऊन झाली आहे, तेव्हा सांगून टाकतो.

नरसिंगचा बाप भजनी मंडळाचा पेटीवाला होता. बाप गेल्यावर पेटी पोराकडे आली आणि पोरानं ती उचलून थेट गुंडप्पाच्या शिंदीच्या दुकानात नेली. उदगीरहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, आणि गावाच्या अलीकडे हे दुकान. दुकान कसलं, चार खांबांवर पत्रा आणि खाली पोतडी अंथरलेली. ट्रकवाले थांबायचे, गुरांचे दलाल थांबायचे, घरी भांडून आलेले तर मुक्कामालाच असायचे. अभंगाची पेटी शिंदीच्या वासात नेली म्हणून मंडळवाले खवळले. देवळाची पायरी चढायची नाही, असं त्यांनी त्याला बजावलं. नरसिंगनं वाद घातला नाही. देवळात येतात तीच माणसं संध्याकाळी इथं येतात, फक्त इथं खरं बोलतात, एवढंच तो मला म्हणाला.

तो गायचा ती गाणी त्यानंच जोडलेली. बैल विकून आलेल्याचं गाणं, तुरुंगातल्या भावाला भाकरी नेणाऱ्या बहिणीचं गाणं, बायको माहेरी गेली ती परत न आलेल्या ड्रायव्हरचं गाणं. गळा गोड नव्हता. भाकरीच्या करपलेल्या बाजूसारखा होता. पण करपलेली बाजूच मागून घेणारी माणसं असतात, आणि ती सगळी गुंडप्पाकडे जमायची. मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. ढोलकी घेऊन त्याच्या डाव्या हाताला बसायचो. मोबदला म्हणजे शिंदी, आणि शिंदी मला सोसत नव्हती, म्हणजे तसा मी फुकटच.

मग तो दुष्काळ आला. शिंदीची झाडंसुद्धा आटली, गुंडप्पानं दुकानाला ताडपत्री बांधली आणि सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. गुंडप्पाही गेला. नरसिंग आणि त्याची बायको कस्तुराबाई, मी, सगळे एका ओळीत बसून दगड फोडत होतो. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पिठाचा खाऊ, वाटली की नरसिंग पेटी काढायचा. पहिल्यांदा मुकादम ओरडला. पण हा गात असला की बायांचे हातोडे थांबत नाहीत, उलट नेमानं पडतात, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो बिडी ओढत गप्प बसायला लागला.

खडीची भुकटी कुठं कुठं जाते हे त्या कामावर बसल्याशिवाय कळत नाही. ती डोळ्यांत गेली, सुकडीत गेली, नरसिंगच्या छातीत गेली आणि पेटीतही गेली. महिन्याभरात पेटीच्या मधल्या पट्ट्यांतली एक पांढरी पट्टी मुकी झाली. दाबली की नुसता वारा जायचा, सूर नाही. आणि नेमकी ती पट्टी त्याच्या नव्या गाण्यात ऐन मोक्याला यायची. गाणं असं होतं:

हिरीत न्हाई पानी, डोळ्यात न्हाई पानी,
सांग गं माय, रडू कुठल्या... पान्यानं.

‘कुठल्या’ म्हटलं की ती पट्टी यायची. पेटी गप्प, आणि पेटी गप्प झाली म्हणून गळाही अडायचा. एका दमाची पोकळी पडायची, मग ‘पान्यानं’. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही चरफडलो. दुसऱ्या दिवशी समोर बसलेल्या साखराबाईनं त्या पोकळीत हातोडा घातला. ती विधवा बाई, कामाला वाघीण, बोलायला तिखट. तिनं काही गंमत म्हणून केलं नव्हतं. तिचा हातोडा वर होता, जागा रिकामी दिसली, तिनं मारला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायकांनी मारला. आठवड्याभरात चाळीस हातोडे त्या एका जागी एकदम पडायला लागले. दगड फुटायचा आणि त्यावर नरसिंगचा फाटका ‘पान्यानं’ यायचा. मी तिथं ढोलकी वाजवणं सोडून दिलं, कारण ती जागा माझी नव्हती.

दुष्काळ सरला, दुकानाची ताडपत्री सुटली. पण पट्टी नरसिंगनं दुरुस्त केली नाही. दुकानात हातोडे नव्हते, मग लोक त्या जागी लोटा जमिनीवर आपटायचे. साखराबाई दुकानाबाहेर फुटाणे विकायला बसायची. ती फुटाण्याच्या डब्यावर हात मारायची. नवखा ट्रकवालासुद्धा दुसऱ्या कडव्याला शिकायचा. दहा वर्षं हे असं चाललं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. आम्ही उस्मानाबादचे होतो ते एका रात्रीत लातूरचे झालो. त्या हिवाळ्यात बातमी आली की नव्या जिल्ह्यासाठी सरकारी योजनांची गाणी गात गावोगाव फिरणारं कलापथक काढणार आहेत आणि त्यासाठी गायक-वादक पाहिजेत, महिन्याच्या पगारावर. ही बातमी कस्तुरावहिनीनंच उचलून धरली. तिचं बरोबर होतं. नरसिंगच्या छातीतली भुकटी तोवर बोलायला लागली होती. टिकाव मारला की खोकला, खोकला आला की बसकण. शेत नाही, मजुरी होत नाही आणि शिंदीच्या दुकानात गाऊन कुणाची चूल पेटली आहे? या नोकरीवर त्या घराचं सगळं होतं. माझंही थोडं होतं म्हणा, कारण गायकाबरोबर त्याचा ढोलकीवाला घेतील असं मी धरून चाललो होतो.

मला एकच घोर लागला, पेटीचा. साहेब लोकांपुढे एक पट्टी मुकी असलेली पेटी काढायची म्हणजे फाटक्या धोतरानं सोयरिकीला जाण्यासारखं. नरसिंगला सांगावं तर तो ऐकणार नाही. म्हणून मामाच्या गावी भजन आहे अशी थाप मारली, पेटी मागून घेतली आणि नांदेडला वजिराबादेत एका म्हाताऱ्या पेटीवाल्याकडे नेली. त्यानं झाकण काढलं, फुंकर मारली, खडीची भुकटी त्याच्या चष्म्यावर बसली. मग त्यानं मला विचारलं की हा सूर बिघडलेला आहे की मुद्दाम मुका ठेवलेला आहे. मुद्दाम कोण ठेवील, असं मी हसून म्हणालो. मग त्यानं सूर देणारी नवी पितळी पत्ती बसवून दिली. शहाण्या माणसानं प्रश्न विचारला की आपण थांबावं. मी थांबलो नाही.

निवडीच्या आदल्या रात्री मी पेटी परत दिली. गाणाऱ्यानं आदल्या रात्री पेटी उघडू नये, अशी त्याच्या बापाची शिस्त होती, आणि नरसिंगनं बापाची तेवढी एक शिस्त पाळली होती. मला ते माहीत होतं.

लातूरला एका शाळेच्या हॉलमध्ये निवड होती. टेबलामागे तीन साहेब बसलेले. आमचा नंबर दुपारी लागला. स्वतःचं एखादं गाणं म्हणा, असं त्यांनी सांगितलं. नरसिंगनं तेच गाणं धरलं. ‘सांग गं माय, रडू कुठल्या’ आलं, त्याचं बोट पट्टीवर पडलं आणि सूर वाजला. चांगला, गोल, चकचकीत सूर. पोकळी बुजली. नरसिंगनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फार नाही, डोळ्याची पापणी पडायला लागतो तेवढाच वेळ. मग त्यानं डोळे मिटले आणि त्या सुरावरून गळा सरळ पुढं नेला, रेडिओवर नेतात तसा. साहेबांनी माना डोलावल्या. एकानं ‘सुरेल आहे’ असं शेजारच्याला सांगितलेलं मी ऐकलं.

त्याला घेतलं. मला नाही घेतलं, तबल्यासाठी त्यांच्याकडे माणूस होता. परतीच्या एसटीत नरसिंग खिडकीकडे तोंड करून बसला. मी मनात म्हणालो, बघा, नोकरी लागली कुणामुळे, आणि धन्यवादाचा एक शब्द नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता आणि तो मी बरेच महिने जपून ठेवला.

पुढं तीन वर्षं तो सरकारी जीपमधून फिरला. लहान कुटुंबाचं गाणं, झाडं लावायचं गाणं, बचतीचं गाणं. महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. अंगात इस्त्रीचा सदरा, तोंडावर दमणूक. पहिल्याच दिवाळीला लोकांनी त्याला गुंडप्पाच्या दुकानात ओढत आणलं आणि ते गाणं मागितलं. मी ढोलकी घेऊन डाव्या हाताला बसलो. ‘कुठल्या’ आलं आणि सूर वाजला. लोकांचे लोटे वर गेलेले तसेच राहिले. साखराबाईचा हात डब्यावर अधांतरी थांबला. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. साखराबाई एवढंच म्हणाली, “लई सुधारला की रं आता.” नरसिंगनं पेटी मिटली. त्यानंतर त्यानं ती पेटी दुकानात आणली नाही. सरकारी कामाला सरकारी पेटी होती. ही घरी कोनाड्यात पडून राहिली आणि तो गावात आला की मी त्या गल्लीनं जाणं टाळायला लागलो.

शहाऐंशीला पुन्हा पाऊस रुसला. त्याच साली नरसिंगची नोकरी संपली. म्हणजे त्यांनी काढलं नाही, याच्या छातीनं काढलं. दोन ओळी म्हटल्या की खोकल्याची उबळ यायची, मग गाणारा काय कामाचा? तो बाजेवर पडला. फाल्गुनात वहिनीचा मला निरोप आला की भावजी, ह्यांनी बोलावलंय.

मी गेलो तेव्हा दुपार टळत होती. वहिनी आत खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. नरसिंग बाजेवर बसला होता, समोर पेटी होती. नुसती बरगड्यांची फळी राहिली होती त्याची. मी बसल्यावर त्यानं उशीखालून पेचकस काढला आणि माझ्यापुढं धरला.

“रामकिशन, तू बसवलेला सूर तूच काढ.”

खोटं बोलायला जागा नव्हती आणि आता हौसही नव्हती. त्याला कधी कळलं, एवढंच मी विचारलं.

“त्याच दिशी. तुज्याबिगर पेटी कुनाकडं गेलती?”

“मग बोलला का न्हाईस?”

त्यानं खोकला आवरला. “काय बोलू? तीन वर्सं कस्तुराच्या पायात चप्पल व्हती. तू माज्या वाईटावर न्हवतास, हाव ना? मग. त्या सुरानं पोट भरलं. पन गानं गेलं रं माजं. मरायच्या आदी एकदा म्हनून बघतो.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या म्हाताऱ्या पेटीवाल्यानं केलं होतं तसंच केलं. झाकण काढलं, स्क्रू सोडवले, पितळी पत्ती सुटून हातात आली. नखाएवढ्या रुंदीची, बोटाच्या पेराएवढी लांब. एवढ्याशा गोष्टीनं मी त्याची चार वर्षं बुजवून टाकली होती. झाकण परत बसवायला मला वेळ लागला. त्यानं घाई केली नाही.

मग त्यानं भाता ओढला. आवाज म्हणजे आवाज नव्हताच, श्वासाला शब्द चिकटवले होते.

हिरीत न्हाई पानी, डोळ्यात न्हाई पानी,
सांग गं माय, रडू कुठल्या...

पट्टी दाबली, वारा गेला, पोकळी पडली. आणि आत कस्तुरावहिनीचा बत्ता खलात पडला. एकदाच, नेमका. चाळीसातला एक हातोडा तिचाही होता, हे मी विसरलो होतो. नरसिंग ‘पान्यानं’ म्हणू शकला नाही, खोकल्याची उबळ आली. पण तो हसत होता. तोंडाला धोतराचा सोगा लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता.

चैत्र लागला आणि तो गेला. वहिनीनं पेटी गुंडप्पाच्या दुकानाला दिली, घरात बघवत नाही म्हणाली. आता तिथं कुणी हौशी पोरगा येतो, पेटी ओढतो आणि ही पट्टी वाजत का नाही, असं विचारतो. लातूर-नांदेडहून दुरुस्त करून आणतो म्हणणारेही भेटतात. मी ढोलकी मागवतो, त्याला ती ओळ म्हणायला लावतो आणि त्या जागी ढोलकी न वाजवता लोटा जमिनीवर आपटून दाखवतो. पत्ती माझ्या पानाच्या डब्यात आहे. ती मी कुणाला देणार नाही.