टॅक्सीच्या इंजिनाची इटालियन मोटार

बरकतपुऱ्यातल्या त्या वृद्ध गृहस्थांचे नाव मी विचारले नाही. मला त्यांच्या दोन स्पोर्ट्‌स गाड्यांपैकी एक निवडायची होती. परदेशी मालाला बाजार नुकताच खुला झाला होता, आणि जुन्या युरोपीय मोटारींचा संग्रह करणाऱ्या एका उद्योजकाने पाहणीसाठी मला, नवख्या इंजिनिअरला, नेमले होते. त्यांचा बंगला बिल्डरकडे गेला होता. न निवडलेली गाडी भंगारात जाणार होती.

इंग्लिश गाडी कित्येक वर्षे ताडपत्रीखाली पडून होती, परंतु तिचा प्रत्येक भाग मूळचा होता. इटालियन गाडी अजून चालत होती. बोलताना ते तिच्या बॉनेटवर तळहात ठेवत, मुलाचा ताप पाहावा तसा. मी बॉनेट उघडले. आत टॅक्सीचे डिझेल इंजिन होते.

“बेगमकू रोज दवाखाने ले जाना था,” ते म्हणाले. “असली पुर्जे कां मिलते थे तब?”

“चाचा, सेठकू असली इंजनच होना,” मी म्हणाले. “इंग्लिश गाडी लेते.”

ते पायरीवर बसले. 

“जिसकू हात नै लगाया, वो अनमोल. जिसकू जिंदा रखा, वो भंगार. अच्छा हिसाब है, बेटी.”

माझा निकष अचूक होता. मी बॉनेट बंद केले. ते उठून इटालियन गाडीत बसले. इंजिन लगेच सुरू झाले. शेजारच्या आसनावर पाठ टेकायला ठेवलेली एक उशी होती. ती त्यांनी सरळ केली, आणि गाडी स्वतःच भंगारवाल्याकडे घेऊन गेले.