तेराशे थरांवरचे परबकाका

काळाचौकीच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली आणि आम्ही माणसं सहा. बाबा एका टॉवरवर वॉचमन. आई पहाटे उठून कॅन्टीनसाठी पोळ्या लाटायची. मी अभ्यास पोटमाळ्यावर आडवी पडून करायचे, कारण उठून बसलं की डोकं छताला लागायचं. एकदा शेजारचे परबकाका दारातून आत डोकावले, पोटमाळ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "दीड थर."

काका जगातली कुठलीही उंची थरांत मोजायचे. गोविंदा पथकात ते तीस वर्षं सगळ्यात खाली उभे राहिले आणि मग पोरांना शिकवू लागले. एक थर म्हणजे साधारण पाच फूट, हे त्यांचं माप. नारळाचं झाड बारा थर. उड्डाणपूल सहा थर. परबकाकी एक थर. "आणि तुम्ही?" काकी विचारायच्या. "मी पायथो," असं म्हणून काका आपले दाराएवढे खांदे हलवायचे. त्यांचं एक वाक्य आख्ख्या चाळीला पाठ होतं: "वरचो दिसता, पण धरता खालचो."

मलाही त्यांनी पथकात घेतलं होतं. तिसऱ्या थरावर माझे पाय असे लटपटले की खालच्या दोघी हसायला लागल्या आणि सगळा डोलारा खाली आला. काका रागावले नाहीत. "तुझे पाय वर चढूचे नाय गो, फुडे धावूचे आसत," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला मैदानावर घेऊन गेले. धावण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण दम कशाला म्हणतात ते कळत होतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आले तेव्हा मी पाच हजार मीटर धावत होते. विद्यापीठाच्या संघात पहिल्या तिघींना घ्यायचे, आणि दोन वर्षं मी थोडक्यात हुकले होते. आता एकच संधी उरली होती. हे वर्ष गेलं की कॉलेजही संपणार होतं.

अशात काकांनी मोबाईलवर पाहिलं की मोठमोठे धावपटू उंचावर जाऊन सराव करतात. ते थेट आमच्या दारात. "अरे, उंची आपल्याकडे नाय काय? तुझो बापूस उंचीची राखण करता."

टॉवरच्या सेक्रेटरीबाई स्वतः पळायच्या, त्यांनी रविवारची गच्ची दिली. चाळीस मजले. काकांनी लिफ्टला नकार दिला. "लिफ्टने गेलो तर शरीराला कळणार कसं?" गच्चीवर पोचलो तेव्हा काका भिंतीला धरून उभे, चेहरा लालबुंद, तोंडाचा आ. "बघितलंस? हवा पातळ झाली."

"काका, तुम्ही चाळीस मजले चढून आलात."

"तेच म्हणतो मी. एवढ्या वर हवा खयची?"

चार रविवार आम्ही जिन्याने चढलो, गच्चीवर लांब श्वास घेतले, खाली आलो. पाचव्या रविवारी मी कॉलेजात शिकलेलं सांगून टाकलं. हा टॉवर नव्वद थर. काकांच्याच मापात बोलले, म्हणजे वाद नको. शरीराला खरा फरक जाणवायला तेराशे थर तरी लागतात. तिथे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो, मग शरीर घाबरून तांबड्या पेशी जास्त बनवायला घेतं. त्याला तीन-चार आठवडे लागतात. त्या पेशी घेऊन खाली आलं की दम पुरतो.

काकांनी कठड्यावरून एकदा खाली बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे रगतात पायथो बांधूचो."

आमच्या प्राध्यापकांनाही हे इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

पथकातला जुना गडी सचिन हिमाचलात एका हॉटेलात आचारी होता. तेराशे थरांच्याही वर. त्याने खोली दिली, पथकाच्या पोरांनी तिकिटं काढली. "पोरीला घेऊन एकटे जाताय? मी येणार," म्हणत काकींनी बॅग भरली. जाण्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोह कमी निघालं. मग गोळ्या सुरू झाल्या, वर आईचे अळिवाचे लाडू. काकांनी त्यातले निम्मे खाल्ले. त्यांनाही पायथा बांधायचा होता म्हणे.

पहिल्याच सकाळी काकांनी मला मुंबईच्या वेगाने पळवलं. चौथ्या मिनिटाला मी रस्त्यातच बसले. डोकं हलकं, पायांत शिसं, आणि कारण नसताना हसू. काकांनाही गरगरत होतं. ते एका मेंढीला नाव विचारत होते. "दोघेपण खुळावले," काकी म्हणाल्या आणि त्याही हसत सुटल्या.

"आम्ही काय दमणारे नाय," काका अडून बसले. संध्याकाळी त्यांनी सचिनला आणि हॉटेलात मुंबईहून आलेल्या सात पाहुण्यांना गोळा केलं आणि अंगणात तीन थर लावायला घेतले. वरचा चढायच्या आतच खालचे धापा टाकायला लागले, एकाला हसू फुटलं आणि सगळे गवतावर आडवे. सगळ्यात खाली काका. तीस वर्षांत पहिल्यांदा पायथा सुटला होता.

ते उताणेच पडून आभाळाकडे बघत म्हणाले, "खालचो दमलो. हयसर घाई चलायची नाय."

मग आठवडाभर मी नुसती चालले. नंतर हळू धावले. झोप लागायची नाही, धावताना घड्याळातली वेळ बघून रडू यायचं. काकांनी घड्याळच काढून घेतलं. "पायथो बांधताना वर बघूचा नसता." चौथ्या आठवड्यात त्याच रस्त्यावर मी थांबले नाही.

निवडीची शर्यत आम्ही परत आल्यावर दोन आठवड्यांनी होती. शेवटच्या फेरीला मी पाचवी होते. वळणावर काका उभे होते, दोन्ही हात वर करून.

"गो, खाली इलंस तू! हयसर हवा भरपूर आसा, घे!"

मी घेतली. छातीत मावेना इतकी हवा होती. एकीला वळणावर मागे टाकलं, दुसरीला रेषेच्या अलीकडे.

डोंगराने किती दिलं आणि टॉवरच्या जिन्याने किती, मला सांगता येत नाही. काका आता गावी असतात, गुडघे धरलेत, तरी फोनवर ते सगळं श्रेय गच्चीलाच देतात. मी वाद घालत नाही.

मी तिसरी आले. विद्यापीठाच्या संघातून धावले. आणि त्याच वर्षी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.